पांढरीच्या पोटातले नगर

रुक्मिणीचे माहेर म्हणून कौंडिण्यपूरला आपण सारेच जातो. गेल्या खेपेस मी देवदर्शनानंतर वर्धेकाठचे पांढरीचे टेकाडही पाहिले. मातीचे घर पावसाने ढासळे, त्याच ढिगावर नवे उभे राही. राख, शेण, खापरे साचून टेकाड चढत गेले. १९६१-६२ साली डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी येथे उत्खनन करून विदर्भाच्या या प्राचीन राजधानीचे सातवाहनकालीन थर उजेडात आणले.

दगडी लेणे नजरेत भरते; मातीचे नगर मात्र मातीच दिसते. म्हणूनच धाब्याच्या घरांवर घालायला गावोगावच्या पांढरीतून गाड्या भरून नेण्याची रीत पडली. पण खापर कोणत्या थरातले, हे कळले तरच ते बोलते. थर मोडला की ते मुके होते. मित्रहो, आपल्या गावच्या पांढरीला कुदळ लावण्यापूर्वी एवढे ध्यानी धरावे.