अमरावतीचा संघ बर्लिनला गेला, पुढे काय झालं? एका दौऱ्यातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा



मागच्या आठवड्यात शहाद्याहून एका ज्युनिअरचा फोन आला. पोरगा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळलेला, आता पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय. म्हणाला, "ताई, विषय सापडला! अमेरिकेतले कॉलेजचे संघ सीझनच्या आधी परदेशात खेळायला जातात ना, तसा आपल्याकडे अमरावतीचा संघ १९३६ मध्ये बर्लिनला गेला होता. त्या दौऱ्यामुळे कबड्डी वाढली. यावर करू का?"

विषय छान आहे, हे मी त्याला लगेच सांगितलं. पण त्याच्या त्या वाक्यात तीन वेगवेगळे दावे आहेत, आणि तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही. तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिसच्या मागे आहेत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी माझी फजिती

माझा विषय वनस्पतिशास्त्र. पहिल्या सिनॉप्सिसच्या वेळी मी समितीसमोर मोठ्या उत्साहात फोटो दाखवले. मुगाच्या रोपांना गांडूळखताचं पाणी दिलं आणि २१ दिवसांत रोपं कशी तरारली ते. एका सरांनी एकच प्रश्न विचारला, "कशाच्या तुलनेत?" साधं पाणी दिलेल्या कुंड्या मी ठेवल्याच नव्हत्या. मूग २१ दिवसांत तसाही वाढतो! माझी नोंदणी सहा महिने पुढे गेली. तो प्रश्न मी तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. आजचा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे.

दावा पहिला: संघ गेला होता

हा घटनेचा दावा आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही अमरावतीची संस्था. वैद्य बंधूंनी ती १९१४ मध्ये सुरू केली. १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या निमित्तानं मंडळाचा संघ बर्लिनला गेला आणि तिथे त्यानं कबड्डीसह भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्या काळी युरोपला जायचं म्हणजे मुंबईहून आगबोट आणि समुद्रातले कितीतरी दिवस. विदर्भातल्या एका व्यायामशाळेनं हे करावं, ही साधी गोष्ट नव्हती.

असा दावा तपासायचा तर कागद शोधायचे. संस्थेचं दप्तर, त्या वर्षाचे अहवाल, फोटोंच्या मागे लिहिलेल्या तारखा, त्या महिन्यांतली मराठी वर्तमानपत्रं. घटनेच्या वेळी तयार झालेला कागद म्हणजे प्राथमिक साधन. पन्नास वर्षांनी निघालेली स्मरणिका हे दुय्यम साधन. दोन्ही वापरा, पण कुठली माहिती कुठून घेतली ते वेगळं लिहा. आणि दोन वेबसाइटवर तेच वाक्य शब्दशः सापडलं, तर तो दोन ठिकाणचा पुरावा होत नाही. एकीनं दुसरीवरून उचललेलं असतं.

दावा दुसरा: कबड्डी ऑलिंपिकमध्ये होती

आता गंमत बघा. "१९३६ च्या ऑलिंपिकमध्ये कबड्डीचा समावेश झाला" असं वाक्य तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. हा दावा घटनेपेक्षा व्याख्येचा आहे. "समावेश" म्हणजे नेमकं काय?

बर्लिनचं ऑलिंपिक १ ते १६ ऑगस्ट १९३६ या काळात झालं. त्यात पदकांचे खेळ होते. भारतानं हॉकीत १५ ऑगस्टला जर्मनीला ८-१ नं हरवून सुवर्ण मिळवलं, ते या गटात. दुसरा गट अधिकृत प्रदर्शनीय खेळांचा. बर्लिनमध्ये असे खेळ दोन होते, बेसबॉल आणि ग्लायडिंग म्हणजे विनाइंजिनाचं विमान उडवणं. कबड्डी या दोन्ही गटांत नाही. तिसरा गट म्हणजे ऑलिंपिकच्या निमित्तानं शहरात झालेले इतर कार्यक्रम. जगभरातल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचं शिबिरही तेव्हा बर्लिनमध्ये भरलं होतं. अमरावतीच्या संघाची प्रात्यक्षिकं या तिसऱ्या गटातली.

यामुळे मंडळाचं काम लहान ठरतं का? अजिबात नाही. पण प्रबंधात "समावेश झाला" लिहिलंत आणि परीक्षकानं स्पर्धेचा अधिकृत अहवाल उघडला, तर तुमच्या बाकीच्या पानांवरचाही त्याचा विश्वास उडेल. "ऑलिंपिकच्या निमित्तानं बर्लिनमध्ये कबड्डीचं प्रात्यक्षिक झालं" असं लिहा. वाक्य थोडं लांबलं तरी चालेल, ते टिकेल.

आमच्या बास्केटबॉलपटूसाठी यात एक जोडमाहिती आहे. ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून बास्केटबॉल पहिल्यांदा आलं ते याच बर्लिनमध्ये. सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर झाले. १४ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात पाऊस पडला, चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेनं कॅनडाला हरवलं, स्कोअर फक्त १९-८! हा खेळ १८९१ मध्ये ज्यांनी शोधला ते जेम्स नेस्मिथ स्वतः तिथे हजर होते. म्हणजे एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, एक खेळ अधिकृत यादीत शिरला आणि दुसऱ्यानं यादीबाहेर हजेरी लावली. हा फरक का पडला, हाही संशोधनाचा चांगला प्रश्न होऊ शकतो.

दावा तिसरा: दौऱ्यामुळे कबड्डी वाढली

इथे खरी अडचण आहे. हा कार्यकारणाचा दावा. "मुळे" हा प्रत्यय लिहिताना संशोधकाचा हात थोडा थरथरायला हवा.

मोह कुठे होतो बघा. १९३६ ला बर्लिन. १९३८ ला कलकत्त्यात भारताच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांमध्ये कबड्डी आली. दोन वर्षांत एवढी झेप! मग दौऱ्यामुळेच, नाही का? पण एकामागून दुसरी गोष्ट घडली, एवढ्यानं पहिली ही दुसरीचं कारण ठरत नाही. मागे जाऊन बघा. महाराष्ट्रात हुतुतूचे नियम बांधायचं काम १९३६ च्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं १९२३ मध्येच नियम ठरवून स्पर्धा भरवल्या होत्या. म्हणजे खेळ आधीपासूनच वाढत होता. माझा मूग जसा आधीपासूनच वाढत होता, तसा.

मग बर्लिनचा वाटा किती? त्यासाठी विचारायचं, कशाच्या तुलनेत? एक मार्ग असा: बर्लिनला दाखवलेले देशी खेळ आणि न दाखवलेले देशी खेळ, यांची १९३६ च्या आधीची आणि नंतरची वाटचाल शेजारी शेजारी ठेवायची. दुसरा मार्ग: १९३८ चा निर्णय घेणाऱ्यांच्या इतिवृत्तात बर्लिनचा उल्लेख येतो का ते शोधायचं. उल्लेख सापडला तर धागा जुळतो. नाही सापडला, तर "मुळे" काढून "नंतर" लिहायचं.

हाच प्रश्न बास्केटबॉलच्या दौऱ्यांना विचारू

इतिहासात आकडे कमी असतात. म्हणून हीच गोष्ट आकडे असलेल्या ठिकाणी बघू, म्हणजे नीट कळेल.

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचं नियमन एनसीएए ही संस्था करते. तिचा अनेक वर्षं चालत आलेला नियम असा, की बास्केटबॉल संघाला चार वर्षांतून एकदा परदेश दौरा करता येतो, आणि त्यासाठी सरावाचे दहा जादा दिवस मिळतात. सीझन नोव्हेंबरात सुरू होतो, दौरे बहुधा ऑगस्टमध्ये असतात. प्रशिक्षक म्हणतात, दौऱ्यानं संघ जुळतो. खरं आहे का?

समजा (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत), एका संघानं गेल्या वर्षी ३० पैकी १८ सामने जिंकले. यंदा दौरा केला आणि २१ जिंकले. दौऱ्याचा फायदा तीन सामन्यांचा? आता तसेच, गेल्या वर्षी १८ च्या आसपास जिंकलेले पण यंदा दौऱ्यावर न गेलेले संघ घ्या. ते सरासरी २० वर गेले असतील, तर दौऱ्याच्या नावावर फार तर एक सामना उरतो. आणि तो एक सामनाही नशिबाचा असू शकतो.

न जाता ते संघ का सुधारले? खेळाडू एक वर्षानं मोठे झाले. शिवाय ज्या वर्षी निकाल नेहमीपेक्षा फार वाईट लागतो, त्याच्या पुढच्या वर्षी तो बहुतेकदा सरासरीकडे परततो, काही केलं नाही तरीही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे प्रतिगमन म्हणतात. घरगुती उदाहरण द्यायचं तर, ताप सर्वात जास्त असतो तेव्हा आपण डॉक्टरकडे जातो, त्यामुळे त्यानंतर तो उतरतोच. श्रेय मात्र शेवटच्या गोळीला.

आणखी दोन सापळे आहेत. पहिला निवडीचा: परदेशी जायला पैसा लागतो, आणि पैसेवाल्या संघांकडे खेळाडूही चांगले असतात. म्हणून श्रीमंत संघाची तुलना गरीब संघाशी केली तर दौऱ्याऐवजी पैशाचा परिणाम मोजला जातो. दुसरा गाठोड्याचा: दौरा ही एकच गोष्ट नाही. त्यात दहा दिवसांचा जादा सराव आहे, अनोळखी संघांशी सामने आहेत, एकत्र राहणं आहे. फायदा झालाच, तर तो यातल्या कशाचा? घरीच दहा दिवस जादा सराव दिला असता तर?

इथे तो चार वर्षांचा नियमच आपल्या मदतीला येतो. दर वर्षी काही संघांची पाळी असते, काहींची नसते. म्हणून तोच संघ, दौऱ्याचं वर्ष आणि बिनदौऱ्याची वर्षं, अशी तुलना करता येते. संघ स्वतःच स्वतःची कंट्रोलची कुंडी होतो.

चांगली तुलना कशी दिसते

प्रवास आणि खेळ यांवरचं एक गाजलेलं काम सांगते. १९९५ मध्ये 'नेचर'मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉल संघांवर एक छोटा लेख आला. प्रवासाचा थकवा वेगळा आणि शरीराच्या घड्याळाचा गोंधळ, म्हणजे जेट लॅग, वेगळा. हे दोन वेगळे कसे करायचे? त्यांनी पूर्वेकडे गेलेल्या संघांची तुलना पश्चिमेकडे गेलेल्यांशी केली. अंतर सारखं, विमान सारखं, थकवा सारखा. फरक फक्त दिशेचा. पूर्वेकडे प्रवास करून आलेल्या संघांना जास्त फटका बसलेला दिसला. कारण बहुतेकांचं शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं, आणि पूर्वेला गेलं की लवकर झोपावं लागतं. २०१७ मध्ये दुसऱ्या गटानं २० वर्षांचे ४६ हजारांहून जास्त सामने घेऊन हा प्रश्न पुन्हा तपासला. तिथेही पूर्वेकडच्या प्रवासाचा परिणाम जास्त ठळक निघाला.

या लोकांनी कुणाला विमानात बसवलं नाही, कुणाचं रक्त तपासलं नाही. वेळापत्रक आणि स्कोअर, दोन्ही आधीच छापलेलं होतं. त्यांनी फक्त तुलना नीट निवडली.

मग आपण काय करायचं?

आपल्या नंदुरबारमधून कुठला कॉलेज संघ सीझनच्या आधी परदेशी चाललाय, असं नाही. पण प्रवास आपल्याकडेही आहे. धडगावचा मुलगा घाट उतरून शहाद्याला येतो, तिथून पुढे एसटीनं धुळ्याला किंवा नंदुरबारहून रेल्वेनं जळगावला, आणि कधी कधी उतरल्या उतरल्या कोर्टवर उभा राहतो. यावर प्रश्न असा मांडता येईल: प्रवासाच्या दिवशीच सामना खेळला तर फ्री थ्रो चुकण्याचं प्रमाण वाढतं का? फ्री थ्रोच का? कारण तिथे समोर अडवणारा नसतो, अंतर ठरलेलं असतं, प्रतिस्पर्धी संघ भारी की हलका याचा फरक कमी पडतो. तुलना त्याच खेळाडूची त्याच्याशीच: मुक्काम करून खेळलेला सामना आणि थेट प्रवासातून उतरून खेळलेला सामना. एका खेळाडूच्या चार-पाच थ्रोंवरून काही कळणार नाही, म्हणून बऱ्याच संघांच्या, दोन-तीन सीझनच्या स्कोअरशीट जमवाव्या लागतील. त्या बहुतेकदा क्रीडा विभागाच्या कपाटातच पडलेल्या असतात.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा शीर्षकाखाली पेन्सिलनं तीन ओळी लिहा:

१. माझा दावा कुठला? घटनेचा, व्याख्येचा की कार्यकारणाचा?
२. कशाच्या तुलनेत?
३. काय सापडलं तर मी माझा दावा मागे घेईन?

तिसऱ्या ओळीचं उत्तर सुचत नसेल, तर तुमच्याकडे अजून प्रश्न नाही, फक्त मत आहे.

शहाद्याच्या पोरानं परवा नवीन शीर्षक पाठवलं: "१९३६ चा बर्लिन दौरा आणि १९२३ ते १९३८ या काळातील कबड्डीची वाटचाल". "मुळे" गेलं, "आणि" आलं. मी विचारलं, पहिलं काम काय? म्हणाला, "ताई, नंदुरबारहून भुसावळमार्गे बडनेऱ्याचं रिझर्व्हेशन केलंय. अमरावतीला जाऊन आधी दप्तर बघायला मिळतं का ते विचारतो."

सुरुवात झाली म्हणायची. पुढच्या लेखात सॅम्पल किती मोठं घ्यायचं त्यावर बोलू.