लॅमिंग्टन रोड, साडेदहा ते आठ

सकाळी १०.३०
ग्रँट रोडला उतरून दुकानाचं शटर वर करतो. आधी वितरकांचे भाव बघायचे. कालचा रॅमचा भाव आज चालेलच असं नाही, म्हणून कोटेशनवर ‘फक्त आजपुरते’ लिहिलेलं असतं.

११.३०
डोंबिवलीहून बापलेक आलेत. मुलाला असेंबल पीसी हवाय. वडील मोबाइल पुढे करतात, “भाऊ, ऑनलाइन प्रोसेसर बाराशेनं स्वस्त आहे.”
“घ्या की काका. फक्त बॉक्स आहे की ट्रे, ते बघा. आणि खाली विक्रेता कोण, तेही.”
इंटेलच्या सीलबंद बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधल्या सुट्या मालाची जबाबदारी विकणाऱ्यावर. तो सहा महिन्यांनी सापडला नाही, तर बाराशे कुठे वाचले?

दुपारी १.००
एका आर्किटेक्टच्या ऑफिसचा माणूस पक्कं बिल मागतो. पन्नास हजारांच्या मालावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे नऊ हजार. नोंदणी असल्यामुळे त्याचं क्रेडिट त्यांना मिळतं. त्याच्या मागचं गिऱ्हाईक हळूच विचारतं, “बिलाशिवाय किती?” मी नाही म्हणतो. करचुकवेगिरी तर आहेच, शिवाय उद्या वस्तू बिघडली तर खरेदीची तारीख कशावरून दाखवणार?

२.३०
डबा उरकून जोडणी. प्रोसेसर, पेस्ट, रॅम, मग एसएमपीएस. ग्राफिक कार्डावर सढळ हातानं खर्च करणारे लोक नेमका इथे हात आखडतात. पण वीजपुरवठाच हलका असेल तर वरचा महाग माल धोक्यात. मशीन सुरू झालं की प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर चढवतो.

४.३०
कॉलेजच्या दोघी लॅपटॉप विचारतात. त्यांना सरळ मोठ्या शोरूममध्ये जायला सांगतो. तिथे चार मॉडेलं शेजारी ठेवून कीबोर्ड दाबून बघता येतो, आणि सणासुदीला कार्डावरचा कॅशबॅक आमच्या सवलतीपेक्षा जास्त असतो. वॉरंटी शेवटी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच. प्रिंटर घ्यायचा तर आधी शाईचा भाव काढा, एवढंही सांगून ठेवतो.

६.००
आमचाच एक मॉनिटर परत येतो. पडद्यावर उभी रेघ. बिल, सीरियल नंबर जुळवून सर्व्हिस सेंटरला तक्रार नोंदवतो. काउंटरवर उभी असलेली दोन नवी गिऱ्हाइकं भावतोल सोडून हे बघत राहतात.

८.००
गल्ला मोजताना सकाळचे काका एकटेच येतात. चार दुकानं फिरून झालीत. तीन कोटेशनं काउंटरवर पसरतात.
“हे दोघं तुमच्यापेक्षा स्वस्त आहेत.”
“मग?”
“वॉरंटीचा रकाना दोघांचाही कोरा आहे.”
मी पावतीपुस्तक पुन्हा उघडतो.