गॅसला पेट्रोलची परवानगी

नायट्रस बसवलेल्या गाडीत एक बटण दाबलं की दोन सोलेनॉइड झडपा उघडतात. एकीतून नायट्रस ऑक्साइड इंजिनात शिरतो, दुसरीतून त्याला पुरेल एवढं जादा पेट्रोल. पण ही जोडी बरोबरीची नाही. नायट्रस डिकीतल्या सिलिंडरमध्ये स्वतःच्याच दाबाने कोंडलेला असतो. चालू सिलिंडरमध्ये हा दाब साधारण ९०० ते ९५० पीएसआय ठेवतात. झडप उघडली की त्याला ढकलायला कोणी लागत नाही. पेट्रोल टाकीत नुसतं पडून असतं. पंपाने ते ओढायचं, फिल्टरने गाळायचं, रेग्युलेटरने त्याचा दाब ठरवायचा. पंपाची वायर सैल झाली, फिल्टर तुंबला, टाकी तळाला आलेली असताना गाडी जोरात सुटली आणि उरलंसुरलं पेट्रोल मागे सरकलं, की पुरवठा तुटतो. गॅस मात्र येतच राहतो.

या बलदंड गड्याला दुबळ्याच्या परवानगीशिवाय हलू न देणारा, अंगठ्याएवढा एक भाग मिळतो: फ्यूल प्रेशर सेफ्टी स्विच. पेट्रोलचा दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की तो नायट्रसची वीज तोडतो.

एवढा बंदोबस्त कशासाठी, ते रसायनशास्त्र सांगतं. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला नायट्रसचा रेणू फुटायला लागतो आणि हा सगळा ऑक्सिजन मोकळा होतो. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साडेनऊ किलोच्या आसपास नायट्रस लागतो. प्रत्यक्षात जाणकार पेट्रोलचं माप त्याहून बरंच सढळ ठेवतात. ते कमी पडलं तर ज्वलनाचं तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं, पिस्टनचा माथा वितळतो, रिंगांमधल्या कडा तुटतात. याला काही सेकंद पुरतात.

वायू तसा जुना. जोसेफ प्रीस्टलीने तो १७७२ मध्ये तयार केला. हम्फ्री डेव्हीने तो हुंगून पाहिला आणि दंतवैद्यांनी पुढे भूल द्यायला वापरला तो हाच हास्यवायू. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी विरळ हवेतल्या उंचीवर इंजिनाचा दम टिकवायला ‘जीएम-१’ या नावाने तो वापरला. मोटारींसाठी तयार किट विकण्याच्या धंद्यात कॅलिफोर्नियात १९७८ साली माइक थर्मोस आणि डेल वाझनायन यांनी काढलेली एनओएस ही कंपनी सर्वांत गाजली. आज तो ब्रँड होली या कंपनीकडे आहे. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ने निळा सिलिंडर आणि लाल बटण जगभर पोचवलं. पडद्यावर बटण दाबण्याला महत्त्व असतं. ते दाबूनही गॅस सुटू न देणाऱ्या स्विचला कोण विचारतो!

स्विचच्या आत एक लवचीक पडदा, त्यामागे स्प्रिंग आणि विजेचे दोन संपर्क. पेट्रोलच्या दाबाने पडदा सरकतो, संपर्क जुळतात. दाब उतरला की स्प्रिंग त्यांना दूर करते. या नाजूक संपर्कांतून सोलेनॉइडचा जड करंट नेला तर ते जळतील, म्हणून स्विच जोडायचा तो रिलेच्या कॉइलच्या वाटेवर, बहुधा तिच्या अर्थिंगच्या बाजूला. त्याच मंडळात डॅशबोर्डवरचा मुख्य स्विच आणि पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर ओळखणारा मायक्रोस्विचही असतो. तिघांपैकी एकानेही नकार दिला तर दोन्ही झडपा बंद.

जागा पेट्रोलच्या सोलेनॉइडच्या अलीकडे, जमेल तितकी जवळ. बहुतेक स्विचांना पाव इंचाच्या निम्म्या मापाचे निमुळते पाइपाचे आटे असतात. त्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह टाळावा: टेपचा तुकडा सुटून जेटच्या बारीक भोकात बसला, तर ज्या संकटासाठी स्विच लावला तेच ओढवतं. पेट्रोलला टिकणारं पातळ सीलंट बरं. ज्या स्विचला एकच टर्मिनल असतं त्याचं अर्थिंग अंगातूनच होतं. तिथे टेप ते अर्थिंगही बिघडवू शकतो.

आता मुख्य काम, सेटिंग. आधी सिलिंडरची झडप बंद. मग लाइनमध्ये टी टाकून गेज लावायचा, स्विचच्या टर्मिनलांवर मल्टिमीटर, पंप चालू, आणि रेग्युलेटरने दाब हळूहळू उतरवायचा. मल्टिमीटरची शिट्टी थांबते तो आकडा टिपायचा. स्विच जुळतो तो दाब आणि तुटतो तो दाब वेगळे असतात. आपल्याला हवा तुटण्याचा, म्हणून आकडा नेहमी उतरतानाच घ्यावा. मग टर्मिनलांजवळचा बारीक स्क्रू ॲलन कीने फिरवायचा. स्प्रिंग जेवढी आवळली जाईल तेवढा तुटण्याचा आकडा वर सरकतो.

पण आकडा कोणता ठेवायचा? कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब पाच ते सात पीएसआय असतो. तो साडेसहा दिसला म्हणून स्विच सहावर ठेवणारे पुष्कळ. तो साडेसहा उभ्या पेट्रोलचा असतो. सकाळी सगळ्या बिल्डिंगचे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसा सोलेनॉइड उघडताच दाब घसरतो. समजा तो साडेपाचला आला. सहावरचा स्विच तुटतो, पेट्रोलची मागणी थांबते, दाब पुन्हा चढतो, स्विच जुळतो, पुन्हा तुटतो. गॅस हिसक्या-हिसक्यांनी येतो आणि गाडी अडखळते. वैतागलेला मालक मग स्विच तीनवर आणून ठेवतो, आणि माझ्या मते इथेच खरा घोटाळा होतो: स्विच जागेवर आहे, राखण मात्र गेली. दाब मोजायचा तो पेट्रोल वाहत असताना, आणि स्विच त्याच्या जेमतेम खाली ठेवायचा.

इंजेक्शनच्या गाड्यांत ४३ किंवा ५८ पीएसआय असे मोठे दाब असतात, त्यामुळे त्यांचा स्विचही वेगळा. तिथे व्हॅक्यूमची नळी जोडलेला रेग्युलेटर असेल तर आयडलिंगला दाब मुद्दामच काही पीएसआय कमी राहतो. तेव्हा स्विच उघडा दिसला तर तो बिघाड समजू नये. हिशेब पूर्ण थ्रॉटलच्या दाबाचा करायचा.

नीट बसवलेल्या स्विचलाही एक गोष्ट दिसत नाही. तो दाब ओळखतो, प्रवाह नाही. पेट्रोलच्या सोलेनॉइडची कॉइल जळली किंवा त्यापुढचं जेट तुंबलं, तर अलीकडचा दाब छान उभा राहतो, किंबहुना वाढतो. स्विच खुशाल परवानगी देतो आणि इंजिनात एकटा गॅस जातो. म्हणून ट्रॅकवर उतरण्यापूर्वी जेट काढून फुंकून पाहणं, सिलिंडर बंद ठेवून पेट्रोलचा सोलेनॉइड खरोखर उघडतो का ते तपासणं आणि धावेनंतर स्पार्क प्लगची पांढरी चिनीमाती भिंगाखाली न्याहाळणं सुटत नाही. तिच्यावर ॲल्युमिनियमचे चमकते ठिपके दिसले तर पिस्टन झिजायला लागला आहे.

नव्या गाड्यांत हेच काम दाबाचा सेन्सर आणि ईसीयू करतात. किती दाबाला गॅस तोडायचा ते लॅपटॉपवर लिहायचं, आणि धाव संपल्यावर दाबाचा आलेखही पाहता येतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या अमेरिकन व्ही-एटवर लॅपटॉप जोडायला काही नसतं. तिथे अजून तोच स्विच, आणि खिशात ॲलन की.