विश्लेषण : लंगफिश पाळायचा आहे? आधी टाकीचा हिशेब करा!

अॅक्वेरियमच्या दुकानात एका छोट्या टाकीत वामेसारखा लांबट, वीतभर मासा तळाशी निपचित पडलेला दिसतो. काही मिनिटांनी तो सावकाश वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतो आणि पुन्हा तळ गाठतो. ‘हा सहसा मरत नाही, फार देखभाल लागत नाही’ असे सांगून लंगफिश विकला जातो. यातले पहिले विधान बरेचसे खरे आहे, दुसरे मात्र खोटे. इतर मासे ज्या पाण्यात दोन दिवसांत मरतील, त्यात लंगफिश महिनोन्‌महिने तग धरतो. त्यामुळे आपले काही चुकते आहे हे मालकाच्या लक्षातच येत नाही. म्हणून मासा घरी आणण्यापूर्वी त्याची टाकी कशी असावी, हे समजून घ्यायला हवे.

लंगफिश म्हणजे नेमका कोणता मासा?

लंगफिश, म्हणजेच फुप्फुसमीन, हा कल्ल्यांबरोबरच फुप्फुसे असलेला मासा आहे. आज त्याच्या सहाच जाती शिल्लक आहेत. त्यातील चार आफ्रिकेत, एक दक्षिण अमेरिकेत आणि एक ऑस्ट्रेलियात आढळते. बेडूक, सरडे, पक्षी आणि माणूस अशा चार पायांच्या प्राण्यांच्या वंशाला आज हयात असलेल्या माशांपैकी सर्वांत जवळचे नातेवाईक तेच आहेत. भारतात आज लंगफिश नैसर्गिकरीत्या आढळत नाही. पण कधीकाळी होता. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मालेरी येथील २० कोटी वर्षांहून जुन्या खडकांत त्याच्या पूर्वजांचे दात सापडले आहेत. त्यातील एका जातीला १८५९ मध्ये नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्राचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले.

पाळण्यासाठी कोणती जात मिळते?

छंदाच्या बाजारात प्रामुख्याने आफ्रिकी जाती दिसतात. त्यातील पश्चिम आफ्रिकी लंगफिश (प्रोटॉप्टेरस अॅनेक्टेन्स) सर्वाधिक मिळतो. दुकानात वीतभर दिसणारा हा मासा पूर्ण वाढल्यावर एक मीटरपर्यंत जाऊ शकतो. अंगावर संगमरवरी नक्षी असलेला इथिओपिकस तर दोन मीटरपर्यंत वाढतो. तो घरगुती टाकीचा मासाच नव्हे. दक्षिण अमेरिकी लंगफिशही मीटरभराच्या पुढे जातो. पिल्लू असताना या जाती ओळखणे कठीण असते. त्यामुळे विकत घेताना जातीचे नाव विचारून घ्यावे आणि शंका असल्यास घेऊ नये.

टाकी केवढी हवी?

या माशाला उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. तो तळाशी राहतो आणि अंग वळवून मागे फिरतो. म्हणून टाकीची रुंदी त्याला सहज वळता येईल एवढी हवी. पिल्लासाठी तीन फुटांची टाकी चालते. पण चांगले खाणे मिळाल्यास पहिल्या एक-दोन वर्षांत तो झपाट्याने वाढतो. पूर्ण वाढलेल्या अॅनेक्टेन्ससाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी धरून चालावे.

हिशेबाचा प्रश्न इथेच सुरू होतो. अशी टाकी काठोकाठ भरली तर सुमारे ६८० लिटर पाणी मावते. वर चार इंच जागा सोडली, तरी साडेपाचशे लिटरहून अधिक पाणी लागते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात जाड काच, वाळू आणि स्टँड धरले, तर भार साडेसातशे किलोच्या घरात जातो आणि तो सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेवर पडतो. राहत्या घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो इतका वापराचा भार गृहीत धरतात. हा आकडा संपूर्ण खोलीत पसरलेल्या भाराचा असला, तरी वरच्या मजल्यावर आणि जुन्या इमारतीत टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नये. ती तुळईजवळ, भिंतीला लागून ठेवावी आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे.

झाकण आणि मोकळी जागा का महत्त्वाची?

आफ्रिकी आणि दक्षिण अमेरिकी लंगफिशचे कल्ले अगदी लहान असतात. प्रौढ मासा बहुतेक ऑक्सिजन हवेतूनच घेतो. पृष्ठभागावर येता आले नाही, तर तो पाण्यात अक्षरशः बुडून मरतो. म्हणून पाणी आणि झाकण यांत किमान तीन-चार इंच मोकळी जागा हवी आणि झाकणाला हवा खेळण्यासाठी छिद्रे हवीत.

झाकण मात्र भक्कम आणि वरून वजन ठेवलेले किंवा क्लिप लावलेले असावे. हा मासा ताकदवान आहे. फिल्टरच्या पाइपासाठी सोडलेल्या फटीतूनही तो रात्री बाहेर पडू शकतो. त्यामुळे अशा फटी जाळीने किंवा स्पंजने बंद कराव्यात.

टाकीत काय ठेवावे?

तळाला बारीक, मऊ वाळूचा पातळ थर पुरे. खाताना हा मासा तळातले काहीही तोंडात ओढतो. त्यामुळे टोकदार खडी किंवा गिळता येतील असे रंगीत खडे टाकू नयेत. लपण्यासाठी रुंद पीव्हीसी पाइपचा, कडा घासून गुळगुळीत केलेला तुकडा सर्वांत सोयीचा. मासा वाढेल तसा पाइप बदलावा. त्याला मंद प्रकाश मानवतो. मुळे धरलेली झाडे तो उपटतो. त्याऐवजी पाण्यावर तरंगणारी झाडे लावावीत, पण त्यांनी सगळा पृष्ठभाग झाकला जाऊ नये.

पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावे. राज्याच्या बहुतेक भागांत हीटर फक्त थंडीत लागतो. मात्र त्याला जाळीचे संरक्षण हवे, नाहीतर हीटरला टेकून पडलेला मासा भाजतो.

पाणी कसे सांभाळावे?

हवेतून श्वास घेणाऱ्या माशाला फिल्टर कशाला, हा नेहमीचा प्रश्न. फिल्टरचे काम केवळ हवा देणे नाही. माशाच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आधी सुरू करावी आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे टेस्ट किटने तपासल्यावरच मासा आणावा. लंगफिश मांसाहारी असून भरपूर घाण करतो, त्यामुळे फिल्टर मोठ्या क्षमतेचा, पण संथ प्रवाहाचा हवा. पीएच ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असावा.

दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलावे लागते. मोठ्या टाकीसाठी याचा अर्थ दीडशे लिटरहून अधिक, म्हणजे आठ-दहा बादल्या पाणी. नळाच्या पाण्यातील क्लोरीन फिल्टरमधील जिवाणू मारतो, म्हणून त्यात अँटी-क्लोरीन टाकूनच ते वापरावे. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे हा मासा पाळण्याआधी दहा वेळा विचार करावा. बदललेले पाणी झाडांना घालता येते, एवढाच त्यात दिलासा.

वीज गेली तर मासा लगेच गुदमरत नाही. मात्र काही तासांत फिल्टरमधील जिवाणू ऑक्सिजनअभावी मरू लागतात. त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप आणि साधा स्पंज फिल्टर जोडीला ठेवावा.

खायला काय आणि किती द्यावे?

गांडुळे, सोललेली कोळंबी, शिंपल्यांतील मांस, गोगलगायी, माशांचे तुकडे आणि मांसाहारी माशांसाठीचे बुडणारे पेलेट असा आलटूनपालटून आहार द्यावा. एकाच प्रकारच्या कच्च्या माशावर ठेवल्यास जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. पिल्लाला दिवसाआड आणि प्रौढाला आठवड्यातून दोन-तीन वेळा खाणे पुरते. तो घास चावून बाहेर टाकतो आणि पुन्हा आत ओढतो. ही त्याची खाण्याची पद्धत आहे, आजार नव्हे. उरलेले तुकडे त्याच दिवशी काढावेत. मे महिन्याच्या उकाड्यात ते काही तासांतच सडतात.

खाणे नेहमी लांब चिमट्याने द्यावे. कवच फोडणाऱ्या दातांच्या पट्ट्या बोटाला गंभीर इजा करू शकतात. त्याची नजर कमकुवत असते आणि तो वासावर झडप घालतो. घरात लहान मुले असतील, तर झाकणाला कुलूप हवेच.

सोबत दुसरे मासे चालतील का?

नाही. रात्री शेजारचा मासा त्याला अन्नच वाटतो. दोन लंगफिश एकत्र ठेवले, तर एकमेकांचे पर तोडतात. तुटलेले पर पुन्हा उगवतात, पण म्हणून तो प्रयोग करू नये. एका टाकीत एकच लंगफिश, हा नियम पाळावा.

त्याला चिखलात झोपवून पाहावे का?

आफ्रिकी लंगफिशची ख्याती त्याच्या उन्हाळी झोपेमुळे आहे. डबके आटू लागले की तो चिखलात बीळ करतो, अंगाभोवती चिकट स्रावाचा कोष विणतो आणि श्वासापुरती वाट ठेवून पावसाची वाट पाहतो. या काळात तो स्वतःच्या स्नायूंवर जगतो आणि विषारी अमोनियाचे युरियात रूपांतर करून तो शरीरात साठवतो. प्रयोगशाळेत असे मासे चार वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिल्याची नोंद आहे. पण हा दुष्काळातला नाइलाज आहे, माशाची गरज नाही. घरी असा प्रयोग करणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे. अशक्त मासा त्यातून जागा होतोच असे नाही.

कायदा काय सांगतो?

ऑस्ट्रेलियन लंगफिश आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक असून, २०२४ च्या नियमांनुसार ती ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. आफ्रिकी आणि दक्षिण अमेरिकी जाती साइट्सच्या यादीत नाहीत. मात्र परदेशी मासा देशात आणताना आयात परवानगी आणि विलगीकरणाचे नियम लागू होतात. त्यामुळे विक्रेत्याकडून पक्के बिल आणि आयातीची कागदपत्रे मागावीत.

सांभाळणे जमले नाही तर?

खरेदीपूर्वीच विचारायचा हा खरा प्रश्न. ऑस्ट्रेलियन लंगफिश ‘ग्रँडडॅड’ १९३३ मध्ये शिकागोच्या शेड अॅक्वेरियममध्ये आला आणि २०१७ पर्यंत जगला. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट अॅक्वेरियममध्ये १९३८ पासून असलेल्या ‘मेथुसेला’चे वय २०२३ मधील डीएनए चाचणीत सुमारे ९२ वर्षे निघाले. आफ्रिकी जाती एवढ्या दीर्घायुषी असल्याची नोंद नसली, तरी त्याही अनेक वर्षे सोबत करतात. या काळात घर बदलते, बदली होते, मुले मोठी होऊन बाहेर पडतात. टाकी मात्र तिथेच राहते.

कंटाळा आला म्हणून मासा नदीत किंवा तलावात सोडणे हा सर्वांत वाईट मार्ग. २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतील अॅलिगेटर गार सापडला. शोभेचा म्हणून आणलेला सकरमाउथ कॅटफिश देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. उन्हाळ्यात आटणाऱ्या आपल्या तळ्यांत इतर परदेशी मासे मरतील, पण लंगफिश तर आटणाऱ्या पाण्यासाठीच घडलेला आहे. त्यामुळे मासा घेतानाच विक्रेता तो परत घेईल का, हे लेखी ठरवावे किंवा मोठी टाकी असलेला अनुभवी पाळणारा शोधून ठेवावा. सहा फुटांची टाकी, आठवड्याला दीडशे लिटर पाणी आणि पुढची अनेक वर्षे या तिन्हींची तयारी नसेल, तर हा मासा दुकानातच पाहून परत फिरावे.