यकृत, अंजीर आणि काळीज

संस्कृतातील ‘यकृत्’ आणि लॅटिनमधील ‘येकुर’ हे दोन शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेले. दोहोंचा अर्थही एकच. संस्कृत शब्द आपल्या संहितांच्या आधारे आजवर टिकून राहिला. लॅटिन शब्द मात्र बोलीतून लुप्त झाला आणि त्याची जागा चक्क अंजिराने घेतली! अंजीर चारून पुष्ट केलेल्या जनावरांचे यकृत रोमन लोक मोठ्या आवडीने खात. अंजिराला लॅटिनमध्ये ‘फिकुस’ म्हणतात. त्यावरून अशा यकृतास ‘येकुर फिकातुम’ हे नाव पडले. कालांतराने विशेष्य गळाले आणि विशेषणच अवयवाचे नाव होऊन बसले. इटालियन ‘फेगातो’, स्पॅनिश ‘इगादो’, फ्रेंच ‘फ्वा’ आणि पोर्तुगीज ‘फीगादु’ हे सारे त्याचेच वंशज होत.

यांपैकी पोर्तुगीज भाषा आपल्या रायगड किनाऱ्याला परकी नाही. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी चौल येथे किल्ल्याचे बांधकाम आरंभिले. १७४० मध्ये चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाले. तरीही पोर्तुगीजपासून घडलेली बोली कोर्लई गावात आजही बोलली जाते.

अवयव एकच, परंतु त्याला चिकटलेले भाव निरनिराळे. इटालियन माणसाला ‘फेगातो’ आहे म्हणजे तो धाडसी आहे; फ्रेंच बोलीत मात्र ‘फ्वा’ असणे म्हणजे घाबरणे. पोर्तुगीजमध्ये हाडवैऱ्याला ‘यकृताचा शत्रू’ अशा अर्थाचे विशेषण लावतात.

मराठीत याहून मोठे स्थलांतर घडले आहे. अमरकोशात ‘कालखण्ड’ हा यकृताचा पर्याय दिला आहे. आपला ‘काळीज’ हा शब्दही मुळात यकृतवाचकच. खाटकाच्या दुकानातील ‘कलेजी’ म्हणजे आजही यकृतच. परंतु ‘काळीज धडधडते’ असे म्हणताना आपल्याला हृदय अभिप्रेत असते. दुकानात शब्द उदरात राहिला, बोलण्यात तो उरात गेला.

हा केवळ भाषेचा विनोद नव्हे. ‘काळजात कळ येते’ असे सांगणारा रुग्ण यकृताविषयी बोलतो, हृदयाविषयी की आमाशयाविषयी, हे शब्दावरून ठरत नाही. सुश्रुतांनी रंजक पित्ताचे स्थान म्हणून सांगितलेले यकृत आणि ओजाचे स्थान असलेले हृदय यांची चिकित्सा भिन्न आहे. त्यातही हृद्रोगाची वेदना कित्येकदा पोटाच्या वरच्या भागात जाणवते. अशा वेळी ‘पित्त झाले असेल’ म्हणून दिलेली पुडी मोलाचा वेळ दवडू शकते.

म्हणून वैद्यांनी रुग्णास बोटाने जागा दाखवावयास सांगावी. घाम, दम, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ यांची विचारणा करावी आणि शंका येताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही ‘काळजाचे औषध द्या’ या मागणीवर अर्जुनारिष्ट किंवा आरोग्यवर्धिनी काढून देण्यापूर्वी एवढेच विचारावे: ‘नेमके कोठे दुखते?’ शब्द शतकानुशतके प्रवास करतात. अवयव आपले स्थान सोडत नाहीत.