घोरपड, अळंबी आणि वारूळ

हुबळीची काळी जमीन मागे टाकून कलघटगीच्या बाजूला गेलं की तांबडी माती आणि सागवान लागतं. श्रावणात, नागपंचमीच्या आगेमागे, इथे अळंबी काढणाऱ्या बायका दिसतात. त्यांच्यातल्या एका अज्जीचं काम मी जवळून पाहिलं. तिची नजर सतत वारुळांच्या पायथ्याशी. छत्री दिसली की बोटांनी माती सैल करायची, दांडा बुडाशी धरायचा, हलकेच फिरवून उपसायचा. खाली लांबलचक मुळी असते. ती अर्ध्यावर तुटली तर उरलेली तशीच राहू द्यायची. मागून उकरणं नाही.

त्या मुळीचं दुसरं टोक वाळवीच्या शेतात असतं. चावलेला पाला, काटक्या यांची स्पंजासारखी गादी रचून वाळवी तिच्यावर या अळंबीची बुरशी वाढवते. लाकडातलं वाळवीला न पचणारं बुरशी पचवते, मग वाळवी ती गादी खाते. हा व्यवहार सुमारे तीन कोटी वर्षांचा आहे. धिंगरी आपण पेंढ्यावर, बंद खोलीत पिकवतो. ही अळंबी मात्र वाळवीवाचून पिकत नाही.

एका वारुळाच्या कुशीला ताजं उकरलेलं भोक होतं. अज्जी लांबूनच म्हणाली, "उडा." म्हणजे घोरपड. शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत वाढणारा हा प्राणी. मादी कधीकधी वारुळातच अंडी घालते आणि निघून जाते. आतली ऊब नि ओल अंड्यांना मिळते. आफ्रिकेतल्या नाईल घोरपडीचं तर भोकसुद्धा वाळवीच बुजवते!

थोडक्यात, अळंबी वाळवीला पोसते आणि घोरपड वाळवीचं घर फुकट वापरते. तरी मान घोरपडीचा. मुधोळच्या घोरपडे घराण्याचं आडनावही घोरपडीच्या मदतीने गड चढण्याच्या दंतकथेतून आलं म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे. पकडली तर तुरुंग. माझ्या मते कर्तबगारी अळंबीची मोठी. पण दोघींना आसरा देणाऱ्या, बांधावरच्या वारुळाला कोण विचारतो? पंचमीला त्यावर दूध, आणि पेरणीआधी जेसीबी.

अळंबी जरूर खा; मात्र ओळखणाऱ्या माणसाने काढलेलीच. तिच्यासाठी वारुळाला कुदळ लावू नका, आणि बांधावरचं वारूळ वाटेत येत नसेल तर राहू द्या.