करंगळीच्या हाडाने सांगितलेली वंशकथा

दक्षिण सैबेरियातील अल्ताय पर्वतात डेनिसोवा नावाची गुहा आहे. २००८ साली तेथील उत्खननात करंगळीच्या हाडाचा एक लहानसा तुकडा सापडला. त्यावरून त्या व्यक्तीची चण वा चेहरेपट्टी कळणे शक्य नव्हते. मात्र गुहेतील थंडीमुळे हाडातील डीएनए आश्चर्यकारकरीत्या टिकून राहिला होता. जर्मनीतील लाइपझिग येथील मॅक्स प्लांक संस्थेत स्वान्ते पाबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वाचला. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. हे हाड आजच्या मानवाचे, म्हणजे होमो सेपियन्सचे नव्हते आणि निअँडरथलचेही नव्हते. मानवकुलातील एक अज्ञात शाखा प्रथमच हाडांच्या आकारावरून नव्हे, तर केवळ डीएनएवरून ओळखली गेली. गुहेच्या नावावरून तिला ‘डेनिसोवन’ म्हटले जाते. पाबो यांना २०२२ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाने उत्क्रांतीविषयीची एक रूढ कल्पना मोडीत काढली. वाकलेला वानर, मग अर्धवट ताठ झालेला आदिमानव आणि शेवटी आजचा माणूस, अशी एकामागोमाग चालणारी रांग अनेकांच्या डोळ्यांसमोर असते. प्रत्यक्षात उत्क्रांती एखाद्या बहुशाख वृक्षासारखी आहे. मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथे सापडलेले होमो सेपियन्सचे अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. त्या काळी आणि त्यानंतरही दीर्घकाळ पृथ्वीवर इतर मानव नांदत होते. युरोप व पश्चिम आशियात निअँडरथल होते, आशियात डेनिसोवन होते, तर इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फूट उंचीचे ठेंगणे मानव होते. निअँडरथल सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी लोप पावले.

या शाखा परस्परांपासून पूर्णपणे अलिप्तही नव्हत्या. डेनिसोवा गुहेतीलच, सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीच्या एका हाडाचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ते हाड एका मुलीचे होते. तिची आई निअँडरथल, तर वडील डेनिसोवन होते. आपल्या पूर्वजांचाही या दोन्ही शाखांशी संकर झाला. आफ्रिकेबाहेरील लोकांच्या डीएनएत आज निअँडरथलांचा सुमारे २ टक्के वाटा आढळतो. पापुआ न्यू गिनीतील लोकांत डेनिसोवनांचा वाटा याहूनही अधिक आहे. विरळ हवेत जगण्यास तिबेटी लोकांना साहाय्यभूत ठरणारे जनुकाचे एक रूपही डेनिसोवनांकडूनच आलेले आहे.

चीनमधील हार्बिन येथील प्राचीन कवटी डेनिसोवनाची असल्याचा निष्कर्ष २०२५ साली तिच्यातील प्रथिने आणि दातांवरील कीटणात टिकलेल्या डीएनएवरून काढण्यात आला. करंगळीच्या हाडावरून ओळखल्या गेलेल्या या शाखेला त्यामुळे चेहरा लाभला.

भारतात मात्र असा पुरावा मिळवणे अवघड आहे. १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात, नर्मदाकाठच्या हथनोरा येथे प्राचीन मानवी कवटीचा भाग सापडला. तो मानवाच्या कोणत्या शाखेचा, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. हाडांतील डीएनए उष्ण हवामानात लवकर नष्ट होतो. त्यामुळे सैबेरियातील करंगळीच्या तुकड्याने जे सांगितले, ते नर्मदेच्या कवटीकडून वदवून घेणे कठीण आहे.

तरीही या पूर्वेतिहासाचा एक पुरावा भारतीयांच्या शरीरातच आहे. निअँडरथलांचा जनुकीय वारसा येथील लोकांतही आढळतो, मग त्यांची जात, भाषा वा प्रांत कोणताही असो. रक्ताच्या शुद्धतेचा अभिमान मिरवणाऱ्यांच्या पेशींतही हा प्राचीन संकर नोंदलेला आहे.